पीसी गेमिंगचे क्लायंट – स्टीम, एपिक, जीओजी आणि बाकीचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून नवा गेमिंग पीसी जोडून नेलेला माणूस आठवडाभरात परत फोन करतो. दहापैकी आठ वेळा तक्रार मशीनची नसते, त्यावर टाकलेल्या क्लायंटची असते. तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. मी कुठल्याही एका क्लायंटचा भक्त नाही. सगळं सुरळीत असताना सगळेच गोड वागतात. नेट गेलं, पैसे अडकले किंवा पासवर्ड गेला की कोण कसं वागतं, त्यावर मी मत बनवतो. खालची उत्तरंही त्याच हिशोबानं वाचा.

१. गेमचे पैसे भरले, तरी वर हे स्टीम नाहीतर एपिक कशाला टाकायचं? क्लायंट म्हणजे नेमकं काय?

दुकान, गोदाम आणि दारावरचा वॉचमन, तिन्ही एकाच खिडकीत. क्लायंट गेम विकतो, उतरवून देतो, अपडेट टाकतो, आणि खेळ सुरू करताना तुमच्या खात्यावर तो गेम आहे का ते तपासतो. मित्रांची यादी, चॅट, क्लाउड सेव्ह ही वरची भर. व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये आणलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ आला, आणि दुकानातून डबा विकत आणला तरी स्टीमवर नोंदवल्याशिवाय तो चालेना. तेव्हा लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. आज त्याच पद्धतीला कुणी नावंही ठेवत नाही.

२. कुठले कुठले लागतात? सगळे एकदम टाकून ठेवू काय?

नको. गेम ठरवा, मग त्याला लागेल तेवढा क्लायंट टाका. ढोबळ मानानं: सर्वात मोठं दुकान स्टीम, फुकट गेमसाठी एपिक, बंधनाशिवाय फाइल हवी असेल तर जीओजी. ईएचे गेम ईए ॲपमधून (आधीचं ओरिजिन बंद झालं), युबिसॉफ्टचे युबिसॉफ्ट कनेक्टमधून, ब्लिझार्डचे बॅटल डॉट नेटमधून, व्हॅलोरंट रायट क्लायंटमधून, आणि गेम पास (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) घेतला तर एक्सबॉक्स ॲप. आठही टाकले की आठही विंडोजबरोबर उठून बसतात. त्याचा परिणाम प्रश्न ८ मध्ये.

सगळी लायब्ररी एका यादीत बघायची हौस असेल तर प्लेनाइट नावाचं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. पण ते फक्त यादी एकत्र करतं. खेळताना मूळ क्लायंट बहुतेक वेळा उघडावाच लागतो.

३. भावा, घोळ नको. स्टीम का एपिक? एकच सांग.

पैसे टाकायचे तर स्टीम. फुकट घ्यायचं तर एपिक. दोन्ही एकत्र सुखानं नांदतात.

आता कारणं. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून किंमती रुपयांत आहेत, यूपीआय चालतं, रिव्ह्यू वाचता येतात. माझ्या मते स्टीमची खरी कमाई हे रिव्ह्यूच आहेत: माणूस किती तास खेळून बोलतोय हे शेजारी दिसतं. सहाशे तास खेळून ‘बकवास’ लिहिणाऱ्याचं आणि वीस मिनिटांत कंटाळलेल्याचं वजन वेगवेगळं धरता येतं. शिवाय मॉडसाठी (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांसाठी) वर्कशॉप, कंट्रोलरच्या बटणांची अदलाबदल, जुन्या गेमवर लोकांनी लिहिलेली गाइड, हे सगळं तिथंच मिळतं.

एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. त्यांनी गेम बनवणाऱ्यांकडून १२ टक्केच वाटा मागितला. स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्के. बनवणाऱ्याच्या दृष्टीनं हा मोठा फरक आहे, आपल्या खिशाला मात्र तो फारसा जाणवत नाही. आपल्याला जाणवतात ते दर आठवड्याचे फुकट गेम. आपल्याकडं ते गुरुवारी रात्री बदलतात. मुदतीत ‘घ्या’ म्हणून बटण दाबलं की गेम कायमचा खात्यात जमा, लगेच उतरवायची गरज नाही. मे २०२० मध्ये जीटीए ५ असाच फुकट दिला तेव्हा गर्दीनं एपिकची साइटच झोपली होती.

एपिकचा क्लायंट मात्र अजून आळशी वाटतो. उघडायला वेळ घेतो, लायब्ररी चाळताना अडखळतो.

४. जीओजीचं एवढं कौतुक का करतात?

कारण तिथं वॉचमनच नाही. जीओजी २००८ पासून डीआरएम (परवाना तपासणारं कुलूप) नसलेले गेम विकतं. ब्राउझरमधून इन्स्टॉलरची फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दहा वर्षांनी नेट नसलेल्या पीसीवर टाका, चालेल. त्यांचा गॅलेक्सी नावाचा क्लायंट आहे, पण तो ऐच्छिक आहे. अपडेट आपोआप हवे असतील तर टाका.

तोटे: बरेच नवे मोठे गेम तिथं येतच नाहीत किंवा उशिरा येतात, आणि ऑनलाइन मल्टिप्लेअरला काही गेममध्ये गॅलेक्सी लागतोच. एकट्यानं खेळायचा, कथेचा, पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम असेल तर आधी जीओजीवर आहे का बघा, हा माझा सल्ला.

५. स्टीमचा गेम स्टीमशिवाय चालतच नाही काय?

काही चालतात. स्टीमवरच्या गेमला डीआरएम लावायचं की नाही हे बनवणारा ठरवतो. कुणी लावलेलं नसेल तर गेमच्या फोल्डरमधली एक्झी फाइल थेट उघडली तरी खेळ सुरू होतो. पण खरेदी करताना हे कळायची सोपी सोय नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. दुकानाच्या पानावर उजव्या बाजूला डेनुव्होसारख्या तिसऱ्या पक्षाच्या डीआरएमची सूचना असते, ती मात्र वाचा.

६. विकत घेतलेला गेम माझाच ना? उद्या कंपनीनं काढून घेतला तर?

हा प्रश्न फार कमी जण खरेदीआधी विचारतात. तुम्ही घेता तो खेळायचा परवाना. स्टीमच्या करारात ते पहिल्यापासून होतं. ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरायच्या पानावरही तसं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. कॅलिफोर्नियाचा एक कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू होणार होता, त्याच्या तोंडावर हा बदल झाला.

प्रत्यक्षात काय होतं ते तीन प्रकारे बघा. गेम दुकानातून काढला, तर आधी घेतलेल्यांना तो सहसा उतरवता येत राहतो. क्लायंटच बंद झाला, तर कंपनीच्या दानतीवर अवलंबून: बेथेस्डाचा लाँचर मे २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा गेम स्टीमवर हलवायची सोय दिली होती. आणि गेमचा सर्व्हरच बंद झाला, तर सगळ्यात वाईट. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला. एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळं पैसे भरलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम त्यातूनच उभी राहिली.

म्हणजे मोठी रक्कम टाकण्याआधी क्लायंटचं नाव बघण्याइतकंच ‘सतत इंटरनेट आवश्यक’ हे शब्द आहेत का ते बघा.

७. गेम आवडला नाही किंवा पीसीवर चाललाच नाही. पैसे परत मिळतात?

स्टीम आणि एपिक: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. जीओजी: ३० दिवस, खेळलेला असला तरी, पण ती सवलत विश्वासावर आहे, सारखी वापरू नका.

दोन तासांत फसगत कुठं होते ते सांगतो. गेमची खिडकी उघडी असेल तर घड्याळ चालूच असतं. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (ग्राफिक्ससाठी लागणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना पंधरा-वीस मिनिटं जातात, मग तुम्ही ग्राफिक्स सेटिंग खाली-वर करत अर्धा तास घालवता, मग जेवायला हाक येते आणि मेनू तसाच उघडा राहतो. जेवून येईपर्यंत मुदत संपलेली. म्हणून नवा गेम घेतला की आधी दहा मिनिटं नीट पळतो का ते बघा, नसेल तर बंद करून लगेच अर्ज करा. पैसे मूळ खात्यात किंवा स्टीम वॉलेटमध्ये येतात. वॉलेटमधून ते बँकेत काढता येत नाहीत, त्यामुळं अर्ज करताना पर्याय नीट निवडा.

८. माझ्याकडं ८ जीबी रॅम आहे. क्लायंट मागं चालू राहिला तर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात काय?

८ जीबीवर, हो, जाणवतं. १६ वर सहसा नाही. स्टीमची खिडकी आतून एक ब्राउझरच आहे. टास्क मॅनेजर उघडा, स्टीम वेबहेल्पर नावाच्या चार-पाच ओळी दिसतील आणि मिळून काहीशे एमबी खात असतील. एपिकचंही तेच. त्यावर क्रोमचे दहा टॅब असतील तर दोष एकट्या क्लायंटला देऊ नका.

हे करा: प्रत्येक क्लायंटमध्ये ‘पीसीबरोबर सुरू करा’ बंद. स्टीमच्या लायब्ररी सेटिंगमध्ये लो परफॉर्मन्स मोड आणि लो बँडविड्थ मोड चालू. शिफ्ट-टॅब दाबून वर येणारा ओव्हरले वापरत नसाल तर बंद. स्टीममध्ये खेळताना डाउनलोड थांबवायची सोय असते, ती चालूच राहू द्या. आणि गेम एपिकचा असेल तर स्टीममधून पूर्ण बाहेर पडा. नुसती फुली मारून तो जात नाही, खाली घड्याळाशेजारी लपतो.

एवढं करून मिळणारा फायदा म्हणजे अटकणं कमी होतं. ३० एफपीएसचे ६० होणार नाहीत, त्यासाठी खर्चच करावा लागेल.

९. १०० एमबीपीएसची लाइन घेतली, स्टीम १२ च दाखवतं. केबलवाल्यानं फसवलं काय?

नाही, बरोबर आहे. लाइन मोजतात बिटमध्ये, स्टीम दाखवतं बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. त्या वेगानं १०० जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तास लागतात. ४० च्या लाइनवर साडेपाच तास. रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर हा विचारच सोडा आणि प्रश्न १२ बघा.

१०. डाउनलोड मधेच शून्यावर येतं. नेट तर चालू आहे!

स्टीमचं डाउनलोडचं पान उघडा. तिथल्या आलेखात नेटवर्क आणि डिस्क असे दोन आकडे असतात. नेटवर्क शून्य आणि डिस्क जोरात, असं दिसलं तर नेट दोषी नाही. स्टीम आलेल्या फाइल उकलून जुन्या फाइलमध्ये मिसळतंय आणि हार्ड डिस्क धापा टाकतेय. काही गेम दोन जीबीच्या अपडेटसाठी पन्नास जीबीची फाइल पुन्हा लिहितात, म्हणून तेवढी जागाही मोकळी लागते. इलाज एसएसडी. नसेल तर रात्री लावून झोपा. स्टीममध्ये अपडेटची वेळ ठरवून देता येते.

११. लाइट गेली, नेट गेलं. पीसी इन्व्हर्टरवर आहे. खेळता येईल?

आधी तयारी केली असेल तर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातल्या कित्येक भागांत लाइट आणि नेट दोन्ही ठप्प होतं. पावसाळ्यात गावाकडच्या भागांत एरवीही फायबर तुटते. त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडं जरा जास्तच येतो.

स्टीममध्ये नेट असतानाच लॉगिन करून पासवर्ड लक्षात ठेवायला सांगा, गेम एकदा उघडून बंद करा, अपडेट अर्धवट ठेवू नका, मग ऑफलाइन मोडमध्ये जा. एक्सबॉक्स ॲपमध्ये हा पीसी ऑफलाइनसाठी आधी नेमून द्यावा लागतो. एपिकमध्ये गेमगणिक वेगळं. डेनुव्होवाले गेम कधी कधी पुन्हा नेट मागतात. व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) मॅच हे ऑनलाइनच, तिथं इलाज नाही. जीओजीवाल्यांनी हा प्रश्न वाचायचीही गरज नाही.

आणि लाइट अचानक गेली तर क्लाउड सेव्ह अर्धा राहतो. परत आल्यावर ‘क्लाउडचा का या पीसीचा’ असं विचारलं तर तारीख-वेळ बघून ताजा निवडा. घाईत ओके दाबू नका.

१२. आम्ही हॉस्टेलवर चौघं आहोत. एकानं उतरवलेला गेम बाकीच्यांना देता येतो?

फाइल देता येतात, परवाना नाही. प्रत्येकाच्या खात्यावर गेम हवा (किंवा प्रश्न १३). २०२३ पासून स्टीममध्ये लोकल नेटवर्क गेम ट्रान्सफर आहे: दोन्ही पीसी एकाच राउटरवर, दोघं स्टीममध्ये लॉगिन, सेटिंगमध्ये परवानगी चालू. मग इन्स्टॉल दाबल्यावर स्टीम स्वतःच शेजारच्या पीसीवरून फाइल ओढतं. वायफायपेक्षा लॅनची वायर लावा, फरक डोळ्यांना दिसतो.

गडहिंग्लज किंवा राधानगरीला गावी न्यायचं असेल तर गेमचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, तिथल्या स्टीमच्या कॉमन फोल्डरमध्ये टाका आणि इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाइल तपासून उरलेलंच उतरवतं. एपिकमध्ये आधी डाउनलोड दोन-तीन टक्के चालू करून थांबवा, क्लायंट बंद करा, फाइल वर टाका, मग पुन्हा सुरू करा.

१३. आम्ही दोघं भाऊ. एकाच्या गेमवर दुसरा खेळला तर?

स्टीम फॅमिलीज वापरा. एका घरातले सहा जण, प्रत्येकाचं खातं आणि सेव्ह वेगळे, गेम सामायिक. दादा एक गेम खेळताना धाकटा त्याच्याच लायब्ररीतला दुसरा खेळू शकतो. तोच गेम दोघांनी एकदम खेळायचा तर दोन प्रती लागतात. काही गेम शेअर होतच नाहीत, ते दुकानाच्या पानावर लिहिलेलं असतं.

दोन अटी घरात आधीच सांगून ठेवा. धाकट्यानं तुमच्या गेममध्ये चीट वापरून बंदी ओढवली तर त्या गेममध्ये तुमच्यावरही बंदी येते. आणि फॅमिलीतली जागा सोडली की ती वर्षभर अडकते, म्हणून वर्गातल्या मित्रांना भरती करू नका.

१४. मुलगा म्हणतो, यूपीआयनं गेम घेतो. नंतर पैसे आपोआप कापत राहतील का? (पालकांचा प्रश्न)

काका, काकू, एकदा विकत घ्यायचा गेम असेल तर नाही. गेम पास, ईए प्ले यांसारखी वर्गणी असेल तर हो, बंद करेपर्यंत दर महिन्याला. बँकेनं कापण्याआधी २४ तास कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज बघत जा. स्टीमचं खातं १३ वर्षांखालच्यांसाठी नाही. प्रश्न १३ मधल्या फॅमिलीत तुम्ही पालक म्हणून राहिलात तर खेळायचे तास ठरवता येतात, आणि मुलाची खरेदीची विनंती तुमच्या फोनवर मंजुरीला येते. कार्ड क्लायंटमध्ये साठवून ठेवू नका.

१५. मित्राच्या आयडीवरून मेसेज आला, ‘माझ्या टीमला वोट कर’. लॉगिन केलं आणि खातं गेलं.

मित्राचं खातंही असंच गेलेलं असतं. ती लॉगिनची खिडकी खोटी. ‘चुकून तुला रिपोर्ट केलं, या ॲडमिनशी बोल’ हाही तोच धंदा, आणि अनोळखी क्यूआर स्कॅन करायला लावणं हाही.

लगेच: ईमेलचा पासवर्ड आधी, मग स्टीमचा. सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट. स्टीमच्या वेब एपीआय कीच्या (बाहेरच्या प्रोग्रामला खात्यात शिरकाव देणाऱ्या कोडच्या) पानावर तुम्ही न काढलेली की दिसली तर ती रद्द. शिरकावच बंद झाला असेल तर स्टीम सपोर्टला जुन्या खरेदीची पावती द्यावी लागते, म्हणून त्या ईमेल कधी पुसू नका.

फोन बदलताना होणारा घोळ वेगळाच. स्टीम गार्ड (लॉगिनला फोनवर कोड देणारी सोय) जुन्या फोनवर, आणि तो विकून मोकळे. गार्ड चालू करताना आर अक्षरानं सुरू होणारा रिकव्हरी कोड मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा. स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून काय उपयोग?

१६. टेलिग्रामवर तीन हजारांचा गेम तीनशेला देतात. घेऊ?

नको. ते बहुधा शेअर केलेलं खातं असतं: विकणारा लॉगिन देतो, ऑफलाइन मोडमध्ये ठेवायला सांगतो, आणि एक दिवस पासवर्ड बदलतो. स्वस्तात की (गेम खात्यात जमा करायचा कोड) विकणाऱ्या साइटचंही खरं नाही. चोरीच्या कार्डावर घेतलेली की मागाहून रद्द होते. व्हीपीएननं दुसरा देश दाखवून स्वस्तात घेणं स्टीमच्या कराराविरुद्ध आहे. सेलची वाट बघा, उन्हाळी जूनअखेर आणि हिवाळी नाताळच्या सुमारास असतो.

१७. व्हॅलोरंट काढलं तरी पीसी सुरू होताना व्हॅनगार्ड कसं येतं?

कारण ते चीट पकडणारं वेगळं सॉफ्टवेअर आहे, वेगळंच काढावं लागतं. ते विंडोजच्या गाभ्यापाशी, पीसी सुरू होतानाच चढतं, म्हणून मधेच बंद केलं तर पुन्हा खेळायला रीस्टार्ट लागतो. विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू हवेत. हे बायोसमध्ये असतं, जमत नसेल तर जाणकाराला धरा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी तरी हे टाकणार नाही.

१८. जुन्या पीसीवर विंडोज ७ आहे, स्टीम चालेल?

स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा पाठिंबा १ जानेवारी २०२४ ला थांबवला, ३२ बिट विंडोजचा १ जानेवारी २०२६ ला. अशा मशीनला जीओजीचे जुने गेम बरे, इन्स्टॉलर दुसऱ्या पीसीवर उतरवून.

१९. ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा आला. स्टीम बंद होणार?

२०२५ चा केंद्राचा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. गेम विकत घेऊन खेळणं त्यात येत नाही. सीएसच्या स्किनवर (गेममधल्या शस्त्रांच्या रंगरूपावर) सट्टा लावणाऱ्या साइट मात्र स्टीमच्या नाहीत, तिकडं फिरकू नका.

२०. गेम स्टीमवर घेतला, तरी ईएचं किंवा युबिसॉफ्टचं लॉगिन का मागतो?

एका क्लायंटच्या पोटात दुसरा. खरेदीच्या पानावर उजवीकडं ‘तिसऱ्या पक्षाचं खातं आवश्यक’ अशी पिवळसर सूचना असते. तोटा दुहेरी: प्रश्न ८ चं ओझं दुप्पट, आणि प्रश्न ११ मधला ऑफलाइन मोड दोन्हीकडं जमावा लागतो. स्टीमचं खातं एकदा जोडलं की दुसऱ्या ईए खात्याला ते सहजी हलत नाही, म्हणून पहिल्यांदाच स्वतःच्या ईमेलनं जोडा. सायबर कॅफेत कुणाचं तरी खातं उघडं असताना ‘हो हो’ दाबलेले दर महिन्याला भेटतात.

२१. शाहूपुरीत छोटा गेमिंग कॅफे काढतोय. माझ्या स्टीम खात्यावरचे गेम दहा पीसीवर लावू?

नाही. घरगुती खातं धंद्याला वापरायची परवानगी नाही, आणि एकाच खात्यावर दहा जण एकदम खेळूही शकत नाहीत. व्हॉल्व्हचा पीसी कॅफेंसाठी वेगळा कार्यक्रम आहे, त्यात व्यावसायिक परवाने मिळतात आणि गेमच्या फाइल कॅफेतल्या एका सर्व्हरवरून वाटता येतात. सुरुवातीला सोपा मार्ग म्हणजे सीएस २, डोटा २, व्हॅलोरंट असे फुकट गेम ठेवा आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या खात्यानं लॉगिन करू द्या. प्रत्येक गेमची कॅफेबद्दलची अट तेवढी आधी वाचा. उठताना साइन आउट झालं का, हे मात्र काउंटरवरच्या माणसानं बघायचं. नाहीतर प्रश्न १५ तुमच्या दारात.